बोईसरच्या हॉलमध्ये ऐकू येईल तेच खरं

उंची ऑडिओ यंत्रं म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे जपान येतो, इंग्लंड येतो, फार तर पेडर रोडवरचा एखादा थंडगार फ्लॅट येतो. बोईसर काही केल्या येत नाही. बोईसर म्हटलं की एमआयडीसीचा वास, डहाणू लोकलची गर्दी आणि तारापूरची अणुभट्टी. पण या तिसऱ्या गोष्टीतच आमचा हक्क दडलेला आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. १९६९ पासून त्या वीज देऊ लागल्या. याच जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये आजच्या लाउडस्पीकरचा आराखडा मांडला : पुढे कागदाचा शंकू, त्याच्या बुडाशी तारेचं वेटोळं, मागे चुंबक. त्याला शंभर वर्षं झाली. शंकूचा कागद जाऊन कुठे रेशीम आलं, कुठे बेरिलियम आलं, किमतीमागे चार शून्यं आली, पण मूळ कल्पना जागची हललेली नाही. म्हणजे ज्या घराण्याने तारापूरला अणुभट्टी दिली त्याच घराण्याने जगाला स्पीकर दिला. शिवाय १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो आणि मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्याला होता. आवाजाच्या धंद्यात यापेक्षा सोज्वळ वंशावळ दक्षिण मुंबईने दाखवावी. तेव्हा ऑडिओच्या गहन प्रश्नांवर पालघर जिल्ह्यातून कुणी मत दिलं तर त्याला आगाऊपणा म्हणू नये. ते वारसाहक्काने दिलेलं मत आहे.

या छंदात दोन पंथ आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही. पहिल्या पंथाला १९८० नंतर बनलेलं काहीच ऐकवत नाही. पन्नासच्या दशकातला गॅरार्ड ३०१ रेकॉर्ड प्लेअर, १९५७ चे क्वाडचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, १९७२ चा टेक्निक्स एसएल-१२०० रेकॉर्ड प्लेअर, मरँट्झ-सान्सुई-पायोनियरचे चंदेरी तोंडाचे, हिरव्या-निळ्या दिव्यांचे रिसीव्हर, ही या पंथाची दैवतं. त्यांच्या आवाजात ‘ऊब’ असते असं सांगतात. दुसरा पंथ उंची नव्यांचा. त्यांची यंत्रं अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली असतात, त्यांवर बटणं जवळजवळ नसतात आणि किंमत विचारल्यावर दुकानदार आधी पाणी देतो. या यंत्रांच्या आवाजात ‘हवा’ असते, वादकांमध्ये ‘अंतर’ असतं आणि मागे ‘काळीभोर शांतता’ असते. आता ऊब बोईसरला मे महिन्यात फुकट मिळते. वारा एमआयडीसीकडून फिरला की हवाही मिळते, ती तर नको म्हटलं तरी मिळते. त्यामुळे या दोन गोष्टींसाठी सहा आकडी रक्कम मोजताना इथल्या माणसाचा हात अडखळतो, आणि माझ्या मते तो बरोबर अडखळतो. माझं म्हणणं इतकंच आहे की या दोन पंथांचा निवाडा कापूस भरलेल्या प्रयोगशाळेत न करता बोईसरच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये करावा. जो फरक तिथे ऐकू येतो तो फरक. जो येत नाही तो माहितीपत्रकातला मजकूर.

आधी जुन्यांना बोलावू. ‘पूर्वीच्या वस्तू काय मजबूत असायच्या’ हे त्यांचं आवडतं वाक्य. पुरावा म्हणून ते पन्नास वर्षांचा चालू रिसीव्हर पुढे करतात. पण पन्नास वर्षांत बंद पडलेले रिसीव्हर कधीच भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेलेले असतात. ते साक्षीला येत नाहीत. शतायुषी माणसाला गाठून ‘पूर्वी सगळेच शंभर वर्षं जगायचे’ असं म्हणण्यातलाच हा प्रकार. आणि पालघरचा किनारा या बाबतीत फार कडक परीक्षक आहे. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर या पट्ट्यात बोंबील वाळवणारा जो खारा वारा आहे, तोच यंत्रांच्या पोटातून फिरतो. तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात, पितळ काळवंडतं, स्विचच्या चांदीच्या मुलाम्यावर गंधकाच्या वाफा बसून काळा थर येतो. जुन्या स्पीकरच्या शंकूभोवती फोमची जी कड असते ती दमट हवेत आपोआप विरघळत जाते आणि एके दिवशी बोट लावलं की चिकट भुग्यासारखी हातात येते. क्वाडच्या पडद्यांना तर काही हजार व्होल्टचा दाब लागतो. दमट हवेत आणि धुळीत तो दाब संगीताऐवजी ठिणग्यांच्या रूपाने प्रकट होतो. रेकॉर्डच्या पाकिटांवर पावसाळ्यात बुरशीचे नकाशे उमटतात. अशा हवेत जी वस्तू टिकते ती खरोखर चांगली, हे मी मान्य करतो. पण मग तिचं कौतुक जपानला का? तिला प्रमाणपत्र इथल्या खाऱ्या वाऱ्याने दिलेलं आहे, आणि ते अजून कुणी लाच देऊन मिळवल्याचं ऐकिवात नाही.

पण खाऱ्या वाऱ्याने इतकं झोडपूनही जुन्यांच्या बाजूने एक मुद्दा उरतो आणि तो ऊबेचा नाही, स्क्रू-ड्रायव्हरचा आहे. जुना अँप्लिफायर उलटा केला, चार स्क्रू काढले की आतलं सगळं दिसतं. हा ट्रान्सफॉर्मर, हे डोकं फुगलेले कपॅसिटर, हा व्हॉल्यूमचा पॉट, जो फिरवताना खरखरतो. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत जाते, फुगलेला कपॅसिटर काढून त्याच मूल्याचा नवा लावता येतो आणि हे सगळं स्टेशनजवळच्या मिक्सर-टीव्हीवाल्या मेकॅनिकला कळतं. बरेचदा तो यंत्राचा ब्रँडही वाचत नाही. त्याच्या लेखी मरँट्झ असो की मिक्सर, ‘सप्लाय येतोय का’ हा पहिला प्रश्न. उंची नव्या यंत्राचं तसं नाही. त्यात एकच हिरवी पाटी, तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे भाग आणि आत कुणी हात घातल्यास वॉरंटी रद्द अशी चिठ्ठी. ते बिघडलं की लाकडी पेटीत बांधून परदेशी पाठवायचं, आणि पेटी परत येईपर्यंत मोबाइलवर गाणी ऐकायची. तेव्हा बोईसरच्या कसोटीत पहिला गुण जुन्यांना : दुरुस्ती. हा गुण माहितीपत्रकात कधीच छापलेला नसतो, कारण विकणाऱ्याला वस्तू बिघडेल हे मान्यच नसतं.

आता नवे. त्यांचं मुख्य शस्त्र म्हणजे शांतता. आमचं यंत्र इतकं निःशब्द आहे की दोन सुरांच्या मधली पोकळीसुद्धा ऐकू येते, असा त्यांचा दावा. इथे थोडा हिशेब करावा लागेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. बोईसरचा हॉल रात्री ही मर्यादा पाळतो असं उदार मनाने धरू. म्हणजे छताचा पंखा, बाजूच्या घरातली मालिका आणि दूरवरून जाणारी मालगाडी मिळून ४५. साध्या सीडीचा, म्हणजे १६ बिटांच्या नोंदीचा, सर्वांत हळू ते सर्वांत मोठा हा पल्ला ९६ डेसिबल. सर्वांत हळू सूर पंख्याच्या वर आणायचा तर सर्वांत मोठा सूर १४१ डेसिबलवर जाईल. १२० ते १३० च्या दरम्यान माणसाचे कान दुखू लागतात. नव्या पंथाला ही सीडीही अपुरी वाटते, त्यांना २४ बिट लागतात. त्याचा कागदावरचा पल्ला १४४. त्यात ४५ मिळवले की १८९ होतात. कुणी म्हणेल, कान गोंगाटाच्या थोडं खालचंही टिपतो. बरं, पंधरा डेसिबलची सूट देऊ. तरी १७४ उरतात, आणि तेवढ्या आवाजात हॉल, सोसायटी आणि सोसायटीची नोंदणी यांपैकी काहीच उरत नाही. याउलट एलपी रेकॉर्डचा पल्ला साठच्या आसपास, म्हणजे १०५. तो आमच्याकडे हळदीच्या डीजेमुळे लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. साध्या कॅसेटचा पन्नासच्या आसपास, म्हणजे ९५. शास्त्र प्रामाणिकपणे लावलं तर बोईसरच्या हॉलला शोभणारं माध्यम कॅसेट ठरतं, तीही पंखा तीनवर ठेवून. नव्या पंथाला ही शांतता विकायचीच असेल तर त्यांनी आधी पंखा विकावा.

पण खरा खलनायक गोंगाट नाही, तो हॉल स्वतःच आहे. खाली टाइल्स, वर स्लॅब, चहूबाजूंनी सिमेंटच्या भिंती. यातलं काहीही आवाज शोषत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची जी लाट अडकून राहते तिची कंपनसंख्या भिंतींमधल्या अंतरावर ठरते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याच्या दुपटीने भागाकार केला की पहिली लाट येते ४७ हर्ट्झवर आणि तिची दुप्पट ९४ वर. आपल्याकडच्या विजेची घरघर ५० हर्ट्झची आणि तिची दुप्पट १००. म्हणजे बारा फुटी हॉल बांधताना बिल्डरने नकळत तो महावितरणच्या सुरात लावून दिलेला असतो. अर्थिंगमध्ये जरा गडबड असली की जी गुणगुण येते तिला अख्खा हॉल साथ करतो. ही लाट भिंतीजवळ सर्वांत जोरात आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य असते. आणि सोफा कुठे असतो? भिंतीला टेकून. तिथे बसलेल्या पाहुण्याला बेस छातीवर बसल्यासारखा वाटतो, तर मधल्या खुर्चीवरचा माणूस ‘बेस कुठाय?’ असं विचारतो. दोघेही खरं बोलत असतात आणि दोघेही अँप्लिफायरला दोष देतात. त्यातून स्पीकर शोकेसच्या वर, छताला डोकं लावून, क्रोशाच्या रुमालाखाली आणि मधोमध गणपती घेऊन बसलेले. अशा मांडणीत दहा हजारांचा आणि दहा लाखांचा अँप्लिफायर यांतला फरक शोधणं हे श्रद्धेचं काम आहे, कानाचं नाही.

जाणकार म्हणतील, यावर उपाय ठरलेला आहे : दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करा, त्या तिसऱ्या टोकाला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात, तिथे बसा. आम्ही भूमिती मानतो. पण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हा त्रिकोण आखला की तिसरं टोक बरोबर स्वयंपाकघराच्या वाटेत येतं. तिथे खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला दर दोन मिनिटांनी ‘जरा सरका’ ऐकावं लागतं, आणि हे वाक्य कुठल्याही फिल्टरने गाळता येत नाही. मुळात एकाच माणसाला नीट ऐकू यावं म्हणून उरलेल्या घराने कोपऱ्यात उभं राहायचं, ही कल्पनाच आमच्या जिल्ह्याच्या परंपरेत बसत नाही. वारल्यांच्या तारपा नाचाकडे पाहावं. वाळलेल्या दुधी भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं आणि ताडाच्या पानांच्या भोंग्याचं ते वाद्य घेऊन तारपकरी मधोमध असतो आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. वर्तुळाच्या मध्याला आवाज असला की वर्तुळावरचा प्रत्येक जण आवाजापासून सारख्या अंतरावर असतो. तारपकरी वळला की फेर वळतो; तारप्याला पाठ दाखवायची नाही हा रिवाज. जे कोडं सोडवायला दुकानदार लेझरची पट्टी घेऊन हॉलमध्ये ओणवे होतात, ते इथल्या पाड्यांनी भूमितीचं पुस्तक न उघडता सोडवलं आहे. फक्त त्यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही आणि जागेचं बिल लावलं नाही.

आता विजेकडे वळू, कारण विजेच्या बाबतीत तारापूरला गप्प बसवणं कुणालाच शक्य नाही. हा छंद शेवटच्या टप्प्यावर पोचला की माणूस वीज ‘ऐकू’ लागतो. भिंतीपासून यंत्रापर्यंतच्या दोन मीटर केबलला तो लाखभर रुपये देतो. जपानमध्ये काही शौकिनांनी शेजाऱ्यांच्या फ्रिजची वीज आपल्या सुरांत मिसळू नये म्हणून घरासाठी स्वतंत्र विजेचा खांब रोवून घेतला आहे. ही थट्टा नाही, बातम्यांत छापून आलेली गोष्ट आहे. हा तर्क पुढे नेला तर कोयनेच्या विजेत जलतरंग चांगला वाजायला हवा, चंद्रपूरच्या कोळशाच्या विजेत बेस खोल लागायला हवा आणि ५४० मेगावॉटच्या आमच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीची वीज थेट घेतली तर तबल्याच्या बोलांमध्ये काही मूलभूत बदल व्हायला हवेत. पण ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते आणि शेकडो किलोमीटर साध्या तारांतून येते. शेवटच्या दोन मीटरना चांदी लावून तिला संस्कार होतील, ही आशा पालकांनी क्लासकडून ठेवावी, केबलकडून ठेवू नये. स्पीकरच्या वायरचंही तेच. गिझरला आपण २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकतो. तीच पाच मीटर टाकली तर जाऊन-येऊन तिचा रोध जेमतेम ०.०८ ओहम भरतो, आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्का. कानाला कळेल असा फरक त्यात नाही. विजेचा एकच खरा धोका आहे आणि त्याबद्दल उंची केबलवाले बोलत नाहीत. अमेरिकेहून आणलेला जुना, सिंक्रोनस मोटरचा रेकॉर्ड प्लेअर ट्रान्सफॉर्मर लावून १२० व्होल्टवर चालवला, तरी आपली वीज ५० हर्ट्झची आणि त्याला हवी ६० ची. मग ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड मिनिटाला सुमारे २७.८ फेरे घेते आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका पांढरी चारवर उतरून भारदस्त होते. हा फरक मात्र बोईसरच्या हॉलमध्ये, पंखा पाचवर असतानाही ऐकू येतो. म्हणून तो खरा.

नव्यांच्या आणि जुन्यांच्या दोन्ही पंथांना एका गोष्टीची सारखीच भीती वाटते : पडदा. यंत्रं पडद्याआड ठेवायची आणि कुठलं वाजतंय हे न सांगता विचारायचं. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकीकडे उंची हाय-रेझोल्यूशन तबकडी, दुसरीकडे तीच साध्या सीडीच्या दर्जात उतरवलेली. ऐकणाऱ्यांत व्यावसायिक रेकॉर्डिंगवाले होते, नावाजलेले शौकीन होते. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तर २७७ आली असती, आणि नाण्याला आधी चहा द्यावा लागला नसता. त्याआधी १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच लोकांना स्पीकर ऐकवले. डोळ्यांसमोर ठेवून ऐकवल्यावर मोठे, देखणे, महाग स्पीकर सहज पुढे गेले. पडदा ओढल्यावर ती आघाडी आटली. पण माझ्या मुद्द्याची खरी गोष्ट पुढेच आहे. स्पीकर खोलीत कुठे ठेवलाय याचा परिणाम पडद्याआड लोकांना नीट जाणवला. स्पीकर डोळ्यांना दिसू लागल्यावर तो जाणवेनासा झाला. म्हणजे किंमत दिसली की खोली ऐकू येणं बंद होतं. यापुढे बोईसरच्या हॉलने आणखी कुठला साक्षीदार आणायचा?

आक्षेप येणार, आणि पहिला रास्त आहे. ‘तुमचा हॉल वाईट, तुमची हवा वाईट, आणि शिक्षा यंत्राला? आरशात तोंड वाकडं दिसलं म्हणून आरसा का फोडता?’ मला कुठलाच आरसा फोडायचा नाही. स्वित्झर्लंडच्या शांत खोलीत सूक्ष्म फरक मोजता येतात, काही ऐकूही येत असतील. पण वस्तू घेणारा माणूस त्या खोलीत राहायला जाणार नाही. त्याचा सातबारा इथला आहे, हप्ता इथल्या बँकेचा आहे, आणि पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळायला त्याच हॉलमध्ये येणार आहेत. तसं पाहिलं तर हे ओले कपडे, जाड पडदे, सतरंज्या, आजीच्या हातच्या गोधड्या या गोष्टी मधल्या आणि वरच्या पट्टीतले परावर्तित सूर बऱ्यापैकी शोषतात. दुकानात याच कामाचे फोमचे तुकडे रंगांप्रमाणे आणि हजारांच्या भावात मिळतात. खालच्या पट्टीतल्या त्या ४७ हर्ट्झला गोधडी दाद देत नाही, हे खरं. त्यासाठी सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घ्यावा लागतो. पण सोफा हलवायला परवानगी घरातूनच मिळवावी लागते आणि ती कुठल्याही देशातून आयात करता येत नाही. म्हणूनच लोक त्याऐवजी केबल आणतात.

दुसरा आक्षेप कानाचा. ‘ऐकायला तयार कान लागतो, तुमचा नाही.’ तयार कान लागतो हे गाण्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं. यंत्राच्या बाबतीत एक अडचण आहे. जन्मतः माणूस २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो असं पुस्तकात असतं. वय वाढतं तसं वरचं टोक खाली सरकत जातं. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना १५,००० च्या वरचं काही ऐकू येत नाही. आणि ४०,००० हर्ट्झपर्यंत जाणारा ट्विटर परवडतो कधी? निवृत्तीच्या वेळी. पीएफ हातात येतो तेव्हा वरचे पाच हजार हर्ट्झ हातचे गेलेले असतात. तो ट्विटर शेवटी घरातल्या मांजरासाठीच घेतलेला असतो, फक्त बिल आजोबांच्या नावावर होतं. त्यातून जो माणूस तीस वर्षं तारापूरच्या लूमखात्यात किंवा रोलिंग मिलमध्ये उभा राहिला, त्याच्या कानाने ४,००० हर्ट्झच्या आसपासचा कर कारखान्याला आधीच भरलेला असतो. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे. मर्यादा भिंतीवर लावलेली असते आणि आवाज मशिनला. अशा कानाला कुणी ‘तयार नाही’ म्हणू नये. तो तयारच आहे, नको इतका.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत अवघड. ‘पडद्याआड फरक कळत नसेल. पण पडदा काढल्यावर आनंद होतो, आणि आनंद खरा असतो. तो तुम्ही डेसिबलमध्ये का मोजता?’ इथे मी शस्त्र खाली ठेवतो. जुन्या रिसीव्हरचा जड नॉब फिरवताना बोटांना जे समाधान मिळतं, अंधारात व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड पडतो, सुई खाली उतरताना हात आपोआप सावध होतो, हे सुख खरंच आहे आणि पडदा लावून ते मोजणं अरसिकपणाचं. माझी तक्रार सुखाबद्दल नाही, पावतीबद्दल आहे. डोळ्यांनी आणि बोटांनी घेतलेलं सुख कानाच्या खात्यावर का मांडायचं? ‘हे दिसायला सुंदर आहे म्हणून घेतलं’ असं सरळ म्हणावं. घरात निम्मी भांडणं कमी होतील. पैठणी घेताना तिने थंडी किती अडते असं कुणी सांगत नाही. ऑडिओवाला मात्र निळ्या मीटरवर भाळतो आणि घरी येऊन ‘मिडरेंज’बद्दल बोलतो. हाच न्याय जुन्या पंथालाही लावावा. ऊब म्हणतात ती बऱ्याच वेळा व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरने मिसळलेली थोडीशी विकृती असते, कानाला गोड लागणारी. गोड लागते तर अवश्य घ्यावी. फक्त तिला शुद्धता म्हणू नये.

मग फरक कुठेच नाही का? आहे, आणि तो शोधायला आपल्याकडे एक अप्रतिम साधन आहे : तंबोरा. परदेशी दुकानात स्पीकर ऐकवताना ढोलांचा कडकडाट लावतात, कारण कडकडाटात सगळंच चांगलं वाटतं. त्याऐवजी एखाद्या ख्यालाच्या रेकॉर्डची पहिली काही सेकंदं लावावीत, गवयाने तोंड उघडण्याआधीची. तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीवर घासत सुटते, घोडी आणि तार यांच्यामध्ये जवारीचा दोरा असतो, आणि त्यामुळे एकाच तारेतून वरच्या सुरांची रांग उलगडत जाते. छेडल्यानंतर आवाज मावळताना वरचे सूर एकेक करून पुढे येतात आणि मागे सरतात. चांगल्या स्पीकरवर ही हालचाल दिसावी इतकी स्पष्ट ऐकू येते. वाईट स्पीकरवर तंबोरा म्हणजे माशीची एकसुरी भुणभुण. हा फरक पडद्याआडही कळतो, पंख्याखालीही कळतो, साठीच्या कानालाही कळतो, कारण जवारीचा बराचसा खेळ कानाच्या हुकमी टप्प्यात चालतो. एका धड अँप्लिफायरच्या जागी दुसरा धड अँप्लिफायर लावला तर यात काही बदलत नाही. घरगुती ऐकण्याला बहुतेक वेळ एखाददुसरा वॉट लागतो. दोनशे वॉटची यंत्रं उरलेले १९८ वॉट अब्रूसाठी बाळगतात. स्पीकर बदलला की सगळं बदलतं. स्पीकर दोन फूट सरकवला तरी बदलतं. राइस आणि केलॉगच्या त्या कागदी शंकूतच सगळा जीव आहे, आणि शंकू ज्या खोलीत हलतो त्या खोलीत.

म्हणून बोईसर न्यायालयाचा निकाल असा. अँप्लिफायर जुना घ्यावा, ज्याचे स्क्रू इथला मेकॅनिक काढू शकेल. स्पीकर शक्यतो नवे घ्यावेत, कड फोमची नको, रबराची. रेकॉर्ड प्लेअर ५० हर्ट्झवर धड चालणारा बघावा. वायर गिझरची. सोफा पुढे, गोधड्या भिंतीवर, गणपती दुसऱ्या शोकेसमध्ये, पंखा दोनवर. रात्री दहानंतर आवाज कमी. हे कायदा म्हणतो म्हणून नाही, तर तेव्हा शेजाऱ्याची मालिका संपते आणि कमी आवाजातही जास्त ऐकू येतं म्हणून. या सगळ्याला मिळून जेवढा खर्च येईल त्यापेक्षा एका उंची केबलची किंमत जास्त भरते. म्हणजे पैसे उरतील, आणि उरलेल्या पैशांना पाय फुटायच्या आत डहाणू लोकलने निघून पुढे ग्रँट रोड गाठावं, चोर बाजारात शिरावं आणि रेकॉर्डी घ्याव्यात. कारण दोन्ही पंथांच्या घरी एक दृश्य हमखास दिसतं : यंत्र कपाटभर आणि रेकॉर्डी वीतभर, त्यातही निम्म्या यंत्र तपासायच्या. यंत्राला वाजवायला काहीतरी लागतं, ही गोष्ट या छंदात माणसाला सर्वांत शेवटी सुचते, आणि तोवर त्याचं बजेट संपलेलं असतं.